पाठीला माती

बिराप्पानं फोन दिला होता तो नातीचा फोटो बघायला. क्रांती तिचं नाव, यंदा नववीत. केस पोरासारखे बारीक कापलेले, अंगात कुस्तीचा निळा ड्रेस, गळ्यात पदक, आणि चेहरा असा की पदक मिळालेलं नसून कुणीतरी हिसकावून घेतलंय. लालासाहेबांना हसू आलं. आजोबाचाच चेहरा, दुसरं काय! दोन बोटांनी फोटो मोठा करावा म्हणून त्यांनी काचेला हात लावला आणि नेमका तेव्हाच वरून एक मेसेज घसरत खाली आला. 'फौजी साहेब, आजचं पक्कं आहे. हिरवे जिंकणार. विश्वास ठेवा.' पाठवणाऱ्याचं नाव, कप्तान. मेसेज क्षणभर थांबला आणि आला तसा निघून गेला. नात पुन्हा आपली रागानं बघत उभी. लालासाहेबांची बोटं काचेवर तशीच राहिली. सांगली स्टँडसमोरचं हॉटेल, टेबलावर अर्धी संपलेली मिसळ, शेजारी त्यांनी साताऱ्याहून आणलेला कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि बिराप्पानं कवठे महांकाळहून आणलेली बेदाण्याची पिशवी. सगळं होतं तिथंच होतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या खिशात, छातीच्या डाव्या बाजूला, आणखी एक फोन होता, आणि त्यात सकाळी एसटी कराड सोडत असताना त्याच कप्तानाचा मेसेज येऊन पडला होता. 'फौजी साहेब, आजचं पक्कं आहे. पिवळे जिंकणार. विश्वास ठेवा.'

"काय रं, पोरगी आवडली न्हाई व्हय?" बिराप्पानं विचारलं.

"लय झ्याक हाय," लालासाहेब म्हणाले आणि फोन पालथा घालून त्याच्याकडे सरकवला. मिसळीचा रस्सा तिखट आहे असं ते मोठ्यानं म्हणाले, खरं म्हणजे तो बेताचाच होता.

आता हा कप्तान कोण, हे लालासाहेबांना सांगायला लावलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. कारण त्याला दार उघडून आत घेतलं होतं त्यांनीच. फौजेतून निवृत्त झालेल्या आपल्या पलटणीतल्या माणसांचा एक ग्रुप ते फोनवर चालवत; बिराप्पाही त्यात होता. सकाळी सगळ्यांना जय हिंद घालायचं, कुणाच्या पेन्शनचं अडलं तर वाट दाखवायची, आणि आठवड्यातून एकदा, न चुकता, फसवणुकीपासून सावध राहा असा मोठा मेसेज टाकायचा. अनोळखी माणसाला नंबर देऊ नका. लालूच ही बला आहे. हे टाकून झालं की साताऱ्यातल्या सदर बझारातल्या आपल्या घरात ते फोन खाली ठेवून अंजनाबाईंकडे असे बघत, की जणू आज निम्मा महाराष्ट्र त्यांच्यामुळे वाचला. अंजनाबाई भाजी निवडता निवडता म्हणत, "आवं, दुसऱ्याला शाणपन शिकवायचा तुमाला पगार मिळतो का?" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चार महिन्यांपूर्वी लिंकवरून एक जण ग्रुपात आला. नाव नुसतं कप्तान, आणि फोटोत वर्दी. कुठली पलटण, कुणाच्या हाताखाली, काही विचारायचं लालासाहेबांच्या मनात आलं नाही. वर्दीला कोण विचारतो? त्यांनी उलट त्याला आधी जय हिंद घातलं. पेन्शनच्या बँकेत नवा शिपाई आला तरी त्याच्या गावापासून सासुरवाडीपर्यंत चौकशी करणारा हा माणूस, पण वर्दी दिसली आणि पाय आपोआप जुळले.

मग एके दिवशी त्या कप्तानाचा मेसेज त्यांच्या एकट्याच्या नावावर आला. मॅचचा निकाल आधी सांगतो, पैसे नकोत, नुसतं बघा. क्रिकेटमधलं लालासाहेबांना चौकार-षटकारापलीकडे काही कळत नव्हतं. त्यात ही लीग कुठल्या परदेशातली, खेळाडूंची नावं जिभेवर ठरायची नाहीत. म्हणून ते हिरवे, पिवळे, निळे असं कपड्यांवरून ओळखत. पहिल्यांदा त्यानं निळे सांगितले, निळे जिंकले. बोलाफुलाला गाठ पडली, लालासाहेब म्हणाले. दुसऱ्यांदाही जिंकले. तिसऱ्यांदा तर हरत आलेली टीम शेवटच्या षटकात उठून बसली आणि त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. आपण नुसतं बघतोय, असं ते स्वतःला सांगत होते. पण माणूस स्वतःला जे वारंवार सांगतो ते सहसा खरं नसतं. गेल्या सोमवारी पोवई नाक्यावरच्या बँकेत जाऊन त्यांनी एक नवं खातं उघडलं होतं, आणि त्याचं पासबुक घरातल्या कपाटात न ठेवता स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या कागदांखाली ठेवलं होतं. अंजनाबाई डिकी उघडत नसत.

आणि खरी गोम वेगळीच होती. पैसा ही एक गोष्ट झाली. पण सकाळी उठल्यावर कुणीतरी 'फौजी साहेब, झोप झाली का' म्हणून विचारतं, हजार माणसांतून आपल्यालाच वेचून आतली खबर देतं, याची त्यांना गोडी लागली होती. मुलगा राजवर्धन पुण्याला. त्याचा फोन रविवारी यायचा, आणि त्यातही मागं मिक्सरचा आवाज. लालासाहेबांना आता हॉटेलात बसल्या बसल्या ते सगळं आठवत होतं आणि कान तापत होते. डावा कान तर मोडलेला, पैलवानाचा, तरी तोही तापला. म्हणजे बिराप्पालाही रोज सकाळी झोप झाली का म्हणून विचारत असणार! याचं दुःख व्हावं की हसू यावं, त्यांना कळेना. सवतीचं पत्र हाती लागावं तसं काहीतरी झालं होतं.

मिसळ संपवून दोघं मारुती रोडच्या बाजूला, खेळाच्या सामानाच्या दुकानाकडे निघाले. त्यासाठीच तर बिराप्पानं त्यांना साताऱ्याहून बोलावून घेतलं होतं. गावच्या तालमीत आता पोरीही यायला लागल्या होत्या, क्रांतीला बघून आलेल्या. मातीवर सराव ठीक, पण पुढं कुस्ती गादीवर होते. तेव्हा गावानं वर्गणी काढून तालमीला गादी घ्यायची ठरवली होती. द्राक्षबागेवाल्यांनी दिलं, मेंढरं राखणाऱ्यांनी दिलं, बनाबाई म्हणून एक म्हातारी होती तिनं अंडी विकून दिलं. हे सगळं ठेवायचं कुणाकडे, तर बिराप्पाकडे. त्यावर गावात चर्चासुद्धा झाली नाही. दुकानात गादीचा नमुना जमिनीवर अंथरलेला होता. बिराप्पा चपला काढून त्यावर उभा राहिला, गुडघा टेकून बसला, तळहातानं दाबून बघितलं. साठी उलटलेला माणूस, पण गादीवर गुडघा टेकला तेव्हा त्याची पाठ अशी काही सरळ झाली की दुकानदारसुद्धा बघत राहिला. लालासाहेबांनी शिवण बघितली, कोपरे बघितले, ठीक आहे म्हणाले. दुकानदारानं पावतीपुस्तक काढलं.

"थोडं थांबा," बिराप्पा म्हणाला. "आठ दिस जाऊ द्या. ह्यापेक्षा मोठी घिऊ. सगळी खोली भरंल अशी."

"अरं, गावाला परवडंल तीच घ्यायची ना?" लालासाहेबांनी विचारलं.

बिराप्पा चपला घालत होता. वर न बघता म्हणाला, "एक वाट घावलीय गड्या. मागनं सांगतो."

वाट! ती वाट कुठं जाते ते त्यांच्या खिशातच होतं. तिथंच, त्या दुकानात, गादीच्या रबरी वासात, त्यांनी बोलायला हवं होतं. बिरू, मलाबी त्याचाच मेसेज आलाय आन उलटा आलाय, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे डिकीतलं पासबुक बाहेर काढायचं. ज्याला आपण पन्नास वेळा सावध राहा म्हणून कळवलं त्याच्यापुढं आपलीच टोपी उडालेली दाखवायची. त्यांनी पावतीपुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ऊन लय झालंय. नदीवर जाऊ."

कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांना सावली होती. आयर्विन पुलावरून गाड्यांचा आवाज येत होता आणि खाली पाणी मात्र कुणाशी देणंघेणं नसल्यासारखं निवांत चाललेलं. बिराप्पानं पेढ्यांच्या बॉक्सला टेकवून फोन उभा केला. मॅच सुरू झाली होती. हिरवे फलंदाजी करत होते. इकडं लालासाहेब पाण्याकडे बघत बसले आणि त्यांच्या डोक्यात, कशी कोण जाणे, परेड सुरू झाली. सकाळचं मैदान, थंडी, उस्तादाचा आवाज, गिनती कर! मग एका कडेनं एक, दो, एक, दो असं ओरडत जायचं. मग हुकूम व्हायचा की एकवाले उजवीकडे, दोनवाले डावीकडे. निम्मी तुकडी चालती व्हायची. उरलेल्यांची पुन्हा गिनती, पुन्हा निम्मे बाजूला. असं करत करत शेवटी दोघं-तिघं उरायचे आणि त्यांना वाटायचं, साहेबानं आपल्याला मुद्दाम निवडलं. निवडलेलं कसलं! कोण कुठं उभा होता एवढाच प्रश्न होता. लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. कप्तान तेच करत होता. निम्म्यांना निळे सांगायचे, निम्म्यांना पिवळे. एक बाजू हरायचीच. त्या बाजूच्या माणसांना टाकून द्यायचं, उरलेल्यांना पुन्हा निम्मं करायचं. तीन वेळा हा न चुकणारा माणूस त्यांना देवासारखा वाटला होता, आणि त्याला बिचाऱ्याला क्रिकेटमधलं लालासाहेबांइतकंही कळायची गरज नव्हती. आज त्या गिनतीत एक म्हणाला होता बिराप्पा आणि दो म्हणाले होते लालासाहेब. म्हणजे आज ज्याचा रंग हरेल तो वाचणार आणि ज्याचा जिंकेल त्याच्या मानेवर सुरी येणार. अजबच मॅच म्हणायची.

मग इतके दिवस आपण विश्वास ठेवला कसा? फौजी माणूस, चार राज्यं फिरलेला. लालासाहेबांना त्याचंही उत्तर ठाऊक होतं आणि ते उत्तर शेजारीच, धोतर गुडघ्यावर घेऊन, मॅच बघत बसलं होतं. निकाल आधी ठरलेला असू शकतो हे त्यांना कुणी पटवायची गरज नव्हती. ते दोघं स्वतः तसे खेळले होते. म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत, दोघंही सुट्टीवर आलेले, पंचमंडळींनी माणदेशाचा एक म्हणून लालासाहेब आणि कवठे महांकाळचा एक म्हणून बिराप्पा अशी जोड लावली. ही दोन पोरं एकाच बरॅकीत, एकाच ताटात जेवतात हे कुणाला माहीत! दोघांनी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागं उभं राहून ठरवलं की कुणी कुणाला पाडायचं नाही. नुरा कुस्ती. बाहेरच्या जगात याला लबाडी म्हणत असतील, पण त्या भागातल्या जत्रांत दोस्तांची जोड लागली की असं चालायचं, आणि बघणारेही पुष्कळदा ओळखून असायचे. हौद्यातली लाल माती ताकानं, तेलानं, हळदीनं मळलेली होती. तिचा वास अजून लालासाहेबांच्या नाकात होता. अर्धा तास त्यांनी लोकांना नाचवलं. शिट्ट्या, हलगी, फेटे उडताहेत. आणि त्यातच एकदा बिराप्पानं त्यांचा पाय धरला, एकेरी पट काढला, आणि लालासाहेब जमिनीवरून उचलले गेले.

ती गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, अंजनाबाईंनासुद्धा नाही. ठरलं होतं ते खरं, पण त्या घटकेला लालासाहेब ठरलेलं विसरून गेले होते. ते खरंच लढत होते, गर्दीच्या आवाजानं त्यांचं डोकं फिरलं होतं, आणि बिराप्पाला पाडायचाच म्हणून त्यांनी दम लावला होता. त्यावर बिराप्पानं त्यांना उचललं. वर नुसतं आभाळ दिसलं, पांढरं, उन्हाचं. आता पाठ लागणार, सगळ्या माणदेशासमोर पाठीला माती लागणार, हे त्यांना पुरतं कळलं. आणि बिराप्पानं त्यांना, पाटी उतरवून ठेवावी तसं, दोन पायांवर परत उभं केलं. लोकांना वाटलं, निसटला! टाळ्या पडल्या. कुस्ती बरोबरीत सुटली, इनाम निम्मंनिम्मं झालं. त्या दिवशी आणि नंतरच्या इतक्या वर्षांत बिराप्पा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याला कळलं होतं का, हा करार मोडून लढत होता ते? लालासाहेबांनी कधी विचारलं नाही.

"हिरव्यांनी लय धुतलं," बिराप्पा फोनकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज खुशीत होता. "लाला, तुला एक सांगू का? ह्ये हिरवंच जिंकत्यात बघ."

"तुला रं काय ठावं?"

"ठावं हाय म्हणून सांगतो न्हवं." आणि तो लहान पोरासारखा हसला.

लालासाहेबांनी बेदाण्याची पिशवी सोडली आणि एकेक दाणा तोंडात टाकत बसले. त्यांच्या मनात एक इच्छा उभी राहिली होती. ती चांगली नव्हती, पण साधी होती. पिवळे जिंकावेत. पिवळे जिंकले की कप्तान बिराप्पाला टाकून देईल. बिराप्पा दोन दिवस हिरमुसेल, वर्गणीत बसेल तेवढी गादी घेईल, पोरी त्यावर लढतील, आणि लालासाहेबांना तोंड उघडावं लागणार नाही. कप्तान मग त्यांच्या मागे लागेल, तर लागू दे की! त्याला ते ओळखून होते. सगळं कसं आपोआप मिटेल. देवा सिद्धनाथा, एवढी एक मॅच पिवळ्यांना दे, असं ते खरोखर मनात म्हणाले आणि म्हटल्यावर दचकले. कारण पिवळे जिंकतील या नुसत्या विचारानं त्यांच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं होतं. ती बिराप्पाच्या सुटकेची खुशी नव्हती. ती आपलं बरोबर येईल याची होती. सगळी लबाडी उघडी पडली, गिनती कळली, तरी आत कुणीतरी अजून म्हणत होतं, पण समजा, तुझंच खरं असलं तर? तुलाच खरं सांगितलं असलं तर? लालासाहेबांना स्वतःची भीती वाटली. बेदाणा तोंडात तसाच राहिला. हे असलं येडं आपल्या आत बसलेलं असताना आपण लोकांना काय सावध करणार, कपाळ!

पिवळ्यांची फलंदाजी आली आणि ती कशीबशीच चालली. घाटावर एक बाई पाटी धुवायला आली, धुऊन गेली. बिराप्पा मध्येच उठून हातपाय धुऊन आला. उन्हं कलली, पुलाची सावली पाण्यावर लांब पडली, आणि दिवे लागायच्या आत हिरवे जिंकले. बिराप्पानं मांडीवर थाप मारली, पैलवान शड्डू ठोकतो तशी. लालासाहेबांनी खिशातून आपला फोन काढला. कप्तानाचा वर्दीतला फोटो गेला होता. तिथं नुसतं राखाडी वर्तुळ होतं, माणसाच्या डोक्याचा ठसा असलेलं. त्यानं त्यांना ब्लॉक केलं होतं. चार महिन्यांची सलगी, झोप झाली का, जेवलात का, आणि एका मॅचमध्ये फौजी साहेब कचऱ्यात! गंमत बघा, सुटलो असं वाटायच्या आधी त्यांना अपमानच वाटला. मग मात्र ते सावकाश हसले, एकटेच.

तेवढ्यात बिराप्पाचा फोन वाजला. त्यानं हात लांब करून, डोळे बारीक करून बघितलं आणि फोन लालासाहेबांपुढं धरला. "चष्मा घरी ऱ्हायला बघ. जरा वाच. कुठल्या खात्यावर टाकायचं ते आकडं सांग, मी दाबतो." मग थोडा आवाज खाली आणून, लाजून म्हणाला, "तुला मागनं सांगणारच हुतो. एक कप्तान हाय, आपल्यातलाच, फौजी. मॅच ठरलेल्या असत्यात ते त्येला ठावं असतं. आजवर एकदाबी चुकला न्हाई. आता खास लोकांत घेतो म्हणतोय. तालमीचं पैसं लावतो आन सगळी खोली भरंल अशी गादी घिऊन जातो. बनाबाईला म्हणंन, बघ म्हातारे, तुझ्या अंड्याचं काय झालं ते!"

लालासाहेबांनी फोन हातात घेतला. आकडे स्पष्ट दिसत होते. खाली लिहिलं होतं, आजच्या आज, उद्या जागा राहणार नाही. वाचायला त्यांना चष्मा लागत नव्हता, याचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला. एक मार्ग अजून होता. हा लबाड आहे, असल्यांबद्दल पोलीस कळवत असतात, आपण ग्रुपवर टाकत असतो, असं म्हणायचं. खोटं काही नव्हतं त्यात. पण बिराप्पा म्हणाला असता, एकदाबी चुकला न्हाई की रं, तू तर सगळ्यालाच फसवणूक म्हणतोस. आणि घरी जाऊन कुणाकडून तरी आकडे वाचून घेतले असते. त्याला थांबवायला एकच गोष्ट पुरी पडणार होती. लालासाहेबांनी त्याचा फोन पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी, कडेला कड लावून, आपला ठेवला.

"आकडं मागनं वाचतो," ते म्हणाले. "आधी ह्ये बघ. डोळं फाडून बघ, पण बघ."

बिराप्पा वाकला. बराच वेळ त्याला लागला. दोन्ही फोनवर तेच नाव, तेच फौजी साहेब, तेच विश्वास ठेवा. एकावर हिरवे, एकावर पिवळे.

"ह्यो... तुझा फोन?"

"माझा."

"तुला कवापासनं?"

"तुझ्याएवढंच. तीनदा बरोबर आलं. नवं खातं काढलंय मी. अंजनाला ठावं न्हाई. आज तुझं हिरवं आलं म्हणून तुला पुढं ओढतोय, माझं पिवळं गेलं म्हणून मला फेकलं. पिवळं आलं असतं तर आता आकडं मी दाबत बसलो असतो गड्या." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. "सकाळी हॉटेलातच कळलं हुतं मला. तवापासनं गप बसलोय. पिवळं जिंकावं म्हणून देवाला म्हणत हुतो, म्हंजे सांगावं लागणार न्हाई. त्यो कप्तान ग्रुपात घेतला त्योबी मीच. वर्दी बघितली आन घेतला."

पुलावरून एक ट्रक गेला. मग बिराप्पा हट्टानं, पण हळू म्हणाला, "पन मॅच ठरत्यात की रं. आपण न्हाई का केली?"

"केली. आपल्या नुऱ्यातलं किती जणांना ठावं हुतं?"

"दोघांला."

"तू कुणाला सांगितलंस?"

"येडा का काय तू! सांगितल्यावर नुरा ऱ्हातो व्हय?" बिराप्पा बोलून गेला आणि थांबला. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. ज्याला खरंच माहीत असतं तो बिनओळखीच्या माणसांना सकाळी उठून सांगत सुटत नाही, हे त्या दोघांहून जास्त कुणाला ठाऊक असणार! तेच नेमकं दोघं विसरले होते. बिराप्पानं आपला फोन उचलला, खात्याच्या आकड्यांवर अंगठा ठेवला, आणि लालासाहेबांना शिकवायला न लावता कप्तानाला ब्लॉक केलं. मग फोन धोतराला पुसला, ओल्या हातानं धरल्यासारखा.

"मोठी गादी न्हाई मग," तो म्हणाला.

"दुकानातली चांगली हाय. शिवण बघितलीय मी."

"व्हय. बरी हुती." त्यानं बेदाण्याची पिशवी बांधली. मग सहज आठवल्यासारखं म्हणाला, "म्हसवडला तुला पडू दिला न्हाई म्या. लय जोर लावला हुतास तू. आन आज आपला आपण पडलास."

लालासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे ठाऊक होतं! इतकी वर्षं ठाऊक होतं आणि हा माणूस दर दिवाळीला बेदाणे पाठवत राहिला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असं त्यांना वाटलं नाही. पाठीला माती लागली होती, आणि ती नदीकाठच्या हवेत गार लागत होती. यात भिण्यासारखं काय होतं, हेच आता कळेना.

साताऱ्याची एसटी निघायला अवकाश होता. लालासाहेबांनी ग्रुप उघडला, कप्तानाला आधी काढून टाकलं. मग लिहायला गेले तर शब्द सरकारी यायला लागले, म्हणून फोन तोंडाजवळ धरून बोललेच. मी लालासाहेब बोलतोय, हा आपल्यातला नव्हता, मी त्याला घेतला, मी स्वतः त्याच्या नादाला लागलो होतो, निम्म्यांना एक सांगतो आणि निम्म्यांना दुसरं. बिराप्पानं मध्येच तोंड घातलं, "मीबी हुतो." पाठवून दिलं. दोघं फोनकडे बघत बसले. थोड्या वेळानं खंडाळ्याच्या सयाजीचं उत्तर आलं. 'माझं पहिल्याच दिवशी चुकलं, मी नाद सोडला.' मग जयराजचं. 'माझं दुसऱ्यांदा चुकलं. लाजेनं बोललो नाही.' मग आणखी दोघा-तिघांचं, तसंच. लालासाहेबांना हलकं वाटायला लागलं. मग उत्तरं थांबली. ऐकलं मात्र बऱ्याच जणांनी होतं, तशा खुणा दिसत होत्या.

"बाकीची गप का रं?" बिराप्पानं विचारलं.

लालासाहेब पेढा उचलत होते. त्यांचा हात बॉक्समध्येच थांबला. ज्यांचं चुकलं होतं ते बोलले होते. गप्प होते त्यांचं अजून एकदाही चुकलं नव्हतं.

त्यांनी पेढा परत ठेवला, गप्प असलेल्यांतलं पहिलं नाव शोधलं आणि फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग कुणीतरी उचलला.

"फोन ठेवू नगंस," लालासाहेब म्हणाले. "मी तुला काई इचारत न्हाई. आधी माझं ऐक. मी पडलोय, गड्या."